जाझचं जहाज

"आज साल कोणतं?" असं आमचे सर स्टाफरूममध्ये शिरता शिरता विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे, "तेवीस." कुणी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं की हात झटकून म्हणायचे, "ते छापणाऱ्याचं साल. मी चालू साल सांगतोय."

चालू साल म्हणजे एकोणीसशे तेवीस. शारजातल्या आमच्या भारतीय शाळेत ते इतिहास शिकवायचे. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिका-युरोपात भरभराटीचं जे दशक आलं, तेच आता दुबई-शारजात पुन्हा चालू आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. फक्त इथे वाळू जास्त. बाकी सगळं तेच: नव्या मोटारी, हप्त्यांवर घेतलेले फ्रीज, आज खड्डा तर वर्षाने वीस मजले, मुलींचे आखूड केस, आणि कानाला काहीतरी लावून एकटीच हसणारी माणसं. तेव्हा कानाला रेडिओ होता, आता मोबाइल. आमच्या पी.टी.च्या मास्तरांनी मोबाइल घेतला त्या दिवशी सरांनी साल एकदम दोन वर्षांनी पुढे ढकललं. "पंचवीस!" म्हणाले, आणि सगळ्यांना चहा पाजला.

मी तेव्हा नवीन होतो. परंड्याच्या शाळेत शिकलो, सोलापुरात बी.एस्सी. केलं, वर कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि त्या बळावर इथे कॉम्प्युटर शिकवायला आलो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे नोकरी, टाय, वातानुकूलित लॅब या सगळ्यांबद्दल मला इतकी कृतज्ञता वाटायची की लॅबबाहेर मुलांचे बूट मी स्वतः ओळीत लावून ठेवत असे. ते बघून सर पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"मास्तर, एकोणीसशे वीस साली तुमच्या घरात काय चाललं होतं?"

मला वाटलं, थट्टा करतायत. तरी खरं ते सांगितलं. "आजोबा गुरं राखायचे. दुसऱ्याची."

"सही?"

"अंगठा."

"मग तुमच्या घरातलं विसाचं दशक आत्ता आलंय," सर म्हणाले. "पहिली पदवी, पहिलं विमान, पहिला फ्रीज. मजा करा. लाजता कशाला?"

मी रात्रभर त्याचा विचार केला. इतिहास म्हणजे राजांचा आणि लढायांचा, एवढंच मला माहीत होतं. त्यात आमच्या घरालाही एक जागा आहे आणि तिला तारीखबिरीख आहे, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

सर राजापूर तालुक्यातले, खाडीकाठच्या एका गावचे कोकणी मुसलमान. अंगाने किरकोळ, आवाज मात्र भरतीसारखा. ऐन जुलैतसुद्धा बो-टाय लावून यायचे आणि पांढरे-तपकिरी असे दोन रंगांचे बूट घालायचे. ते बूट दर वर्षी गावाहून येताना मुंबईत एका चांभाराकडून खास करून घेत. इंग्रजी त्यांचं फर्डं होतं, पण त्यात कोकणी हेल. 'जॅझ' हा शब्द तर त्यांना कधीच जमला नाही. "जॅ म्हणताना तोंड वाकडं होतं," म्हणायचे, आणि आयुष्यभर 'जाझ' म्हणत राहिले. "जाझ युग, मुलांनो, जाझ युग!" मुलं मागच्या बाकांवरून "जाऽऽझ" असा सूर धरायची आणि सर हाताने ठेका द्यायचे.

शिकवण्याची त्यांची रीत अशी, की नववीच्या प्रत्येक मुलाला ते त्या दशकातलं एक माणूस वाटून द्यायचे. कुणी मोटारीच्या कारखान्यातला कामगार, कुणी युद्धावरून परतलेला लंगडा शिपाई, कुणी केस कापलेली टायपिस्ट, कुणी तिच्यावर चिडलेली तिची आजी. महिनाभर हजेरी त्याच नावांनी. "लंगडा शिपाई?" "प्रेझेंट, सर." टायपिस्ट झालेल्या एका मुलीने घरी जेवताना, "आय हॅव द राइट टू व्होट," असं सांगून भेंडी खायला नकार दिला. तिची आई शाळेत आली तेव्हा सर म्हणाले, "ताई, मतदानाचा हक्क तिला आहे. भेंडी तुम्ही वाढाच."

अमेरिकेतली दारूबंदी शिकवायला मात्र त्यांना कधीच त्रास पडला नाही. शारजात दारूबंदी आहेच; दारू मिळते ती शेजारच्या अजमानात. "कायदा आला, दुकानं बंद झाली. मग माणसं काय करायला लागली?" सरांनी विचारलं. पहिल्या बाकावरचा एक गोरा गुबगुबीत मुलगा हात वर करून म्हणाला, "दे वेंट टू अजमान, सर. लाइक माय डॅड."

पुढच्या पालकसभेला त्या मुलाचे वडील आले नाहीत.

माझं लग्न होऊन बायको शारजाला आली, तेव्हा सर पेढे घेऊन घरी आले. ती पदर सावरून पाया पडायला वाकली. सरांनी आशीर्वाद दिला आणि लगेच विचारलं, "वहिनी, केस कधी कापणार?" तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वेड्यांच्या शाळेत नोकरीला लागलोय. "बरं, केस राहू द्या," सर म्हणाले, "गाडी तरी शिका. त्या दशकातल्या बायकांनी दोन्ही केलं होतं. तुम्हाला एक माफ." पुढे तीन वर्षांनी ती खरंच शिकली. दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा लायसन्स मिळालं, तेव्हा माझ्याआधी तिने सरांना फोन केला.

अशा या माणसाची नोकरी जायची वेळ माझ्या विषयामुळे आली.

आमच्या प्रिन्सिपल मॅडम लखनौच्या. कडक, पण सरळ. जानेवारीत त्यांनी सरांना ऑफिसात बोलावलं. टाइमटेबल मी कॉम्प्युटरवर करायचो म्हणून मीही तिथेच होतो. "सर, पेरेंट्स को कंप्यूटर चाहिए," मॅडम म्हणाल्या. "अप्रैल से सीनियर क्लासेस में हिस्ट्री बंद. जूनियर का पोर्शन तो सोशल वाली टीचर भी ले लेंगी." म्हणजे सरांना काम उरत नव्हतं, आणि काम नाही म्हणजे व्हिसा नाही. आमच्याकडे या दोन गोष्टी वेगळ्या नसतात.

सरांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "मॅडम, फायनल कौन करेगा?"

"अरबाब. और कौन?"

अरबाब म्हणजे शाळेचे स्थानिक मालक. वयस्क, अबोल गृहस्थ. ते वर्षातून एकदा, गॅदरिंगला येत. पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसत आणि स्वागतगीत संपायच्या आत डोळे मिटत.

"मग गॅदरिंगमध्ये मला वीस मिनिटं द्या," सर म्हणाले. "नववीतून दहावीत गेलेल्या पोरांचा आयटम. विसाचं दशक. अरबाबना आवडला तर इतिहास राहील. नाही आवडला तर मी गावी जाऊन आंब्याची बाग बघीन. तक्रार करणार नाही."

मॅडमनी हसून मान डोलावली. त्यांनाही वाईट वाटत होतं, हे दिसत होतं.

बाहेर आल्यावर मी सरांना म्हणालो, "सर, झोपलेल्या माणसाला आयटम आवडणार कसा?"

"आधी उठवावं लागेल," सर म्हणाले. "जाझ लावू. मोठ्याने."

त्यांची कल्पना अशी: मागे न्यूयॉर्कच्या उंच इमारती, पुढे भक्कम उंच चौथरा, त्यावर जाझ वाजवणारी मुलं, खाली आखूड केसांचे टोप आणि गळ्यात गुडघ्यापर्यंत मोत्यांच्या माळा घालून नाचणाऱ्या मुली. सेटचं काम त्यांनी दुबईच्या रास अल खोर भागातल्या एका सुतार मिस्त्रींना फोनवर सांगितलं. मिस्त्री सरांच्याच पट्ट्यातले, खाडीपलीकडच्या गावचे. सरांना भारी मानायचे. फोन चालू असताना मी शेजारीच होतो. त्या चौथऱ्याला सर एव्हाना नुसतं 'जाझ'च म्हणायला लागले होते. "मिस्त्री, जाझ पाहिजे," सर सांगत होते. "मोठी. पंधरा पोरं वर उभी राहतील एवढी मजबूत. रंग झकास. हो हो, तुमच्या मनाने करा."

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी सेट आणायला मला पाठवलं. मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये गेलो आणि दारातच थांबलो. आत जहाज उभं होतं. चित्र नव्हे, जहाज. पुढच्या टोकाला वर निमुळती होत गेलेली नाळ, मधे डोलकाठी, कडेला वल्ह्यांसाठी भोकं, सगळ्यावर ताजं तेलपाणी. मिस्त्री फडक्याने कठडा पुसत होते.

"मिस्त्री, हे काय?"

"जाज," मिस्त्री म्हणाले. "कसा झाला?"

"अहो, सरांनी जाझ सांगितली होती! जाझ! वाजवायची!"

"वाजवाचा काय त्यात? भोंगा लावू?" मिस्त्री बुचकळ्यात पडले. "सर सोता बोलले, जाज होवी, मोठी होवी, पंधरा पोरां उभी ऱ्हावची. मी म्हटलां, सर आपल्या मुलखाचे, त्यांना जहाजाची आठवण येत असल. म्हणून जीव लावून केलां."

त्यांच्या गावात 'जहाजा'ला 'जाज'च म्हणतात. सरांच्याही. मिस्त्रींनी फोनवर आपल्या घरचाच शब्द ऐकला होता.

मी तिथूनच सरांना फोन लावला. सगळं सांगून झालं. मी म्हटलं, "सर, ऐकताय ना?" तर पलीकडून ते हसायला लागले. इतके हसले, की मिस्त्रींनी घाबरून मला विचारलं, "रडतात काय?" अखेर सर म्हणाले, "आणा, मास्तर. आता दुसरं काय आणणार?"

ट्रकच्या मागे नाळ हातभर बाहेर राहिली. तिला लाल फडकं बांधलं आणि निघालो. दुबई-शारजा रस्त्यावर रोजची कोंडी. आमचं जहाज गाड्यांच्या मधोमध तसूभर पुढे सरकायचं आणि थांबायचं. शेजारच्या ट्रेलरवरच्या पठाण ड्रायव्हरने काच खाली केली. "ओ भाई, पोर्ट तो खोर फक्कान में है! इधर किधर जाता?"

"स्कूल," मी म्हणालो.

त्याने गंभीरपणे मान हलवली. "अच्छा. यल्ला, जाओ."

शाळेत पोचलो तर रंगीत तालीम चालू होती. जहाज स्टेजवर चढवल्याबरोबर मुलांनी त्याच्यावर झडप घातली. सर्वांत आधी चढली ती भेंडीवाली टायपिस्ट, टोप आणि माळा घालून. सर जहाजाभोवती फेरी मारत होते. पुढ्यात उभे राहून त्यांनी वर पाहिलं आणि जागीच थांबले.

"तिथेच उभी राहा," ते तिला म्हणाले. "गळ्यात काय आहे?"

"पर्ल्स, सर."

"कुठून आले?"

"गिफ्ट शॉप, सर. रोला मार्केट."

मुलं हसली. सर हसले नाहीत. "आणि खऱ्या टायपिस्टच्या गळ्यातले? पंचवीस सालचे? ते कुठून आले असतील?"

टायपिस्ट माळ चाचपायला लागली. सर स्टेजच्या कडेला मटकन बसले.

"मी गाढव आहे, मास्तर," ते मला म्हणाले. "इतकी वर्षं या पोरांना न्यूयॉर्क दाखवतोय. अहो, पॅरिसच्या आणि न्यूयॉर्कच्या बायकांनी केस कापले, झगे आखूड केले आणि गळ्यात मोत्यांच्या लांब माळा घातल्या, ते मोती इथल्या समुद्रातले! अशाच जहाजांतून बुड्या मारून काढलेले. इथून मुंबईला, मुंबईहून पॅरिसला. तेव्हा इथे रुपया चालायचा, रुपया! जाझ तिकडे वाजत होती आणि जाज इथे उभं होतं. मिस्त्रींनी बरोबर ऐकलं. मीच चुकीचं सांगितलं होतं."

त्या दुपारी सगळा आयटम मोडून नव्याने बसवला. वाजवणारी मुलं पाणबुडे झाली. रस्सीखेचीचा दोर जहाजावर आला. पाणबुडे नाकाला चिमटा लावत असत, हे सरांना माहीत होतं. मग त्यांनी घरी जाऊन गॅलरीतल्या दोरीवरचे कपड्यांचे चिमटे आणले. निळे, पिवळे, एक गुलाबी.

मॅडम डोकावल्या. "सर, ये जहाज? प्रोग्रैम में तो न्यूयॉर्क छपा है."

"मॅडम, जहाज न्यूयॉर्क ही जा रहा है."

पण सगळं समजून घेतल्यावर मॅडमचा चेहरा उतरला. "अरबाब के सामने उनके गरीबी के दिन दिखाएँगे आप? इतने टॉवर बने हैं, वो दिखाइए ना. बुरा मान गए तो हिस्ट्री छोड़िए, मैं भी कुछ नहीं कर पाऊँगी."

सरांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बो-टाय सोडून त्यांनी खिशात घातला, पुन्हा काढून बांधला. "मास्तर, तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी मला विचारलं. मला, कॉम्प्युटरच्या मास्तरला.

मी म्हणालो, "सर, माझ्या आजोबांना कुणी स्टेजवर दाखवलं, तर मला राग येणार नाही."

सरांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. मग मुलांकडे वळून टाळी वाजवली. "चला, पहिल्यापासून!"

दुसऱ्या दिवशी अरबाब आले, सोफ्यावर बसले आणि स्वागतगीतातच त्यांचे डोळे मिटले. आमचा आयटम मधे कुठेतरी होता. पडदा उघडला. मी टेपवर जाझ लावली, मोठ्याने. मुली नाचल्या, पालकांनी टाळ्या वाजवल्या. अरबाबांचे डोळे मिटलेलेच. विंगेत सर माझ्या शेजारी दोन्ही हातांनी पडदा धरून उभे होते.

मग संगीत थांबलं. टायपिस्ट पुढे येऊन माळ हातात धरून म्हणाली, "बट व्हेअर डिड माय पर्ल्स कम फ्रॉम?" मागचा पडदा सरकला आणि दिव्यांत मिस्त्रींचं जहाज दिसलं. मुलांनी दोर ओढण्याची हाळी घातली.

अरबाबांनी डोळे उघडले.

कमरेला दोर बांधलेला, नाकाला गुलाबी चिमटा लावलेला एक मुलगा जहाजावरून खाली निळ्या कापडात उडी मारून नाहीसा झाला. त्याचा दोर धरायचं काम त्या अजमानवाल्या गुबगुबीत मुलाकडे होतं. नेमकी त्याला समोर आपली आई दिसली. त्याने दोर खाली टाकला आणि दोन्ही हात हलवायला लागला.

अरबाब उठले. काठी टेकत ते पायऱ्या चढून थेट स्टेजवर गेले. मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या. सरांनी डोळे मिटून घेतले.

"तुम!" अरबाब त्या मुलाला म्हणाले. "आदमी नीचे है. ऊपर तुम किसको देखता? मम्मी को देखता?"

मुलाने हात झटकन खाली घेतले.

"हबीबी, रस्सी छोड़ा तो आदमी खलास!" काठी जहाजाला टेकवून त्यांनी स्वतः दोर उचलला, एका पायाने कठड्याला रेटा दिला आणि हात मागे-पुढे टाकत असा ओढला, की निळ्या कापडातला मुलगा किंचाळत, हसत वर आला. अरबाबांनी त्याच्या नाकावरचा गुलाबी चिमटा काढून हातात धरला, उलटासुलटा करून पाहिला आणि खोखो हसले.

मग माइककडे न जाता, तसेच दोर हातात धरून बोलले. "मेरा बाप ऐसा नीचे जाता था. मेरा चाचा ऊपर रस्सी पकड़ता था. मेरा पोता को मालूम नहीं. वो बोलता, ग्रँडफादर, मोती मॉल से आता है." सगळे हसले, पण ते हसत नव्हते. "ये कौन मास्टर ने किया?"

आम्ही सरांना विंगेतून अक्षरशः ढकललं. दोन रंगांच्या बुटांत ते उभे राहिले, मान खाली. अरबाबांनी दोराचं टोक त्यांच्या हातात दिलं आणि खाली मॅडमकडे बघून म्हणाले, "मदाम, ये बंद नहीं करेगा. कंप्यूटर भी रहेगा, ये भी रहेगा. और ये जहाज कोई नहीं तोड़ेगा."

मॅडमनी सर्वांच्या आधी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, हे मला सांगितलंच पाहिजे.

एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू झालं. अकरावीला इतिहास घेणारे फार नव्हते, एका बाकावर दाटीने बसले असते एवढेच. टाइमटेबल करताना मला त्यांच्यासाठी रिकामी खोली काही सापडेना. ओशाळून मी सरांना तसं सांगितलं. "खोली कशाला?" सर म्हणाले.

जहाज तोवर मागच्या अंगणात, भिंतीच्या सावलीत ठेवलं होतं. पहिल्या तासाला लॅबच्या खिडकीतून पाहिलं, तर सर डोलकाठीला टेकून उभे होते, मुलं कठड्याला पाठ लावून बसली होती, भेंडीवाली मुलगी सर्वांत पुढे. माझा तास मोकळा होता. सरांनी मला काचेतून पाहिलं आणि हाताने बोलावलं. मी बाहेर गेलो.

"या, मास्तर. आज तुमच्या आजोबांपासून सुरुवात करतोय. गुरं किती होती?"

"मला माहीत नाही, सर."

"मग वर बसा. शोधू."

मी बूट काढून जहाजाशेजारी ठेवले आणि वर चढलो. मुलांनी सरकून जागा दिली.